बांडीचा मागचा सड

...आणि हो, हेही लिही, की जाऊबाईंचा हात कासेला लागला की गाय डोळे मिटून घ्यायची. माझ्या या थोरल्या जावेनं चाळीस वर्षं गोठा केला. पण एकदा तोच हात बांडीला नडला. बांडी म्हणजे त्यांची लाडकी गाय, तिच्यासाठी त्या नवऱ्याचं जेवण थांबवायच्या.

झालं काय, बांडीच्या मागच्या सडाला दगडी झाली. सड सुजून लाकूड, दुधात गाठी. जाऊबाईंनी सडात सोडायची औषधाची नळी आणली आणि घाबऱ्याघुबऱ्या, सड न पुसताच आत घातली. एक झाली, दुसरी झाली, सहा झाल्या. सूज हटेना. शेवटी जनावरांची डॉक्टरीण आली, दूध तपासायला घेऊन गेली आणि तीन दिवसांनी परत आली.

"मावशी, आता नळ्या बंद. एकही नाही."

थोरले भावजी तिथंच चारा कापत होते. "वा! औषध बंद करायला डॉक्टर बोलावला होय आपण?"

डॉक्टरीण पोरगी चिडली नाही. उकिडवी बसली. "काका, जंतूभोवती भिंत असते. साखर आणि प्रथिनाच्या तुकड्यांची विणलेली जाळी. हे औषध ती जाळी नीट विणूच देत नाही, मग जंतू फुटतो. गाईच्या पेशीला भिंतच नाही, नुसता पातळ पडदा. म्हणून तिला ते बाधत नाही."

"मग ही बरी का होत नाही?"

"कारण आत आता ते जंतू नाहीत, यीस्ट आहे. पाव फुगवणाऱ्याच्या भाऊबंदांतलं. त्यालाही भिंत आहे, पण दुसऱ्याच मालाची. वेगळी साखर, शिवाय थोडं झिंग्याच्या टरफलातलं. तुमच्या हातातल्या चाऱ्याची भिंत आणखी तिसरी, कापसाच्या जातीची. या औषधाला फक्त जंतूंची भिंत कळते."

"पण ते आत शिरलं कसं?" जाऊबाईंनी विचारलं.

डॉक्टरिणीनं कोपऱ्यातल्या सहा रिकाम्या नळ्यांकडे बघितलं. जाऊबाईंनी आपल्या हाताकडे बघितलं. "नळीबरोबर मीच घातलं ना गं?"

"होतं असं, मावशी. आता दर दोन तासांनी सडातलं दूध पिळून काढा आणि वाट बघा. वाचला तर वाचेल सड."

तिसऱ्या दिवशी बांडीनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. भावजींनी कुठूनतरी नवी नळी पैदा केली. "अगं, हातावर हात ठेवून बसायचं? गाय जाईल!" जाऊबाईंचाही धीर सुटला. नळी घेतली, टोपण काढलं, कासेपाशी बसल्यासुद्धा. आपण काही करू नये, हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं. नळी सडापाशी नेली आणि आपलाच हात दिसला. मग नळी मोरीत पिळून टाकली आणि म्हणाल्या, "अहो, बघत काय बसलात? बादली आणा इकडे."

नवव्या दिवशी दूध आलं, पातळ पण स्वच्छ. सड वाचला. दूध मात्र त्या सडाला पुढं निम्मंच राहिलं, आणि कुणी विचारलं तर जाऊबाई सरळ सांगायच्या, "माझ्या घाईनं गेलं."

पुरे आता, वही मीट आणि तुझ्या आत्याला फोन लाव. तिच्या म्हशीला परवापासून दगडी आहे. म्हणावं, आधी सड स्वच्छ पूस, आणि गुण येत नसेल तर मनानं आणखी नळी घालू नकोस, दूध तपासायला दे.