मंडईच्या दिवशी पाडलेला पाहुणा

वरठीच्या स्टेशनावर मला पोचवायला अर्धं गाव आलं होतं. एकाहत्तरची लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालेलं. कारध्याकडचा पोरगा फौजेत चालला, तोही थेट कलकत्त्याला, म्हणजे काय थट्टा आहे! नवी पेटी, नवा शर्ट, गळ्यात झेंडूचा हार. मायच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. धाकटी बहीण शेवंता गाडीच्या धुराकडे बघत उभी होती. बा एरवी बोलका माणूस, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून एवढंच निघालं, तेही गाडी हलल्यावर, "पोट्ट्या, चार लोकायत आपलं नाव राख."

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना पुढचं सगळं माहीत आहे. माझ्यासारखे जे भिलाईला, नागपूरला, कुठं कुठं गेले, त्यांनी मात्र मी काय नाव राखलं ते ऐकून घ्यावं.

लढाई काही माझ्या वाट्याला आली नाही. कलकत्त्यात पलटणीच्या साहेबानं माझ्या मांड्या पाहिल्या. लहानपणापासून धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल तुडवून त्या झाल्या होत्या. साहेब म्हणाला, "यह रग्बी खेलेगा." रग्बी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. हातात कोहळ्यासारखा लांबट चेंडू दिला आणि सांगितलं, घेऊन पळ. समोर वीस-पंचवीस यार्डांवर पंधरा गडी मला आडवं पाडायला उभे. चेंडू साथीदाराला द्यायचा तर मागेच फेकायचा, पुढे फेकला की शिट्टी. मी म्हटलं, हा कुठला उफराटा खेळ! पण आवडला बुवा. पावसाळ्यात मैदानाचा रबडा झाला की मला घरी गेल्यासारखं वाटायचं. बाकीचे घसरायचे, मी उभा राहायचो.

मी पुढच्या रांगेत खेळायचो. तिथं दोन्ही बाजूंचे गडी डोकी एकमेकांत अडकवून रेटतात. दोन-तीन वर्षांत माझे कान भज्यासारखे झाले, नाक वाकडं झालं, वरचे दोन दात गेले. पहिल्या सुट्टीवर आलो तर मायनं तोंडावर हात ठेवला. "कोनं मारलं रे बाबा तुले?" मी म्हटलं, खेळात लागलं. तिचा काही विश्वास बसला नाही. खेळून कोणाचं असं थोबाड होते काय!

मग माझा खांदा निखळला, बसवला, पुन्हा निखळला. साहेब म्हणाला, आता शिकव. मी उस्ताद झालो. रंगरुटांना माझा पहिला धडा एकच असायचा. समोरच्याला कमरेत खांदा देऊन पाडायचं, पण दोन्ही हातांनी धरून ठेवायचं, त्याच्यासोबत आपणही जमिनीवर जायचं. मधेच हात सोडायचा नाही. पडणारा गडी जमिनीला टेकेपर्यंत आपल्या हवाली असतो, हे मी इतक्या वेळा ओरडून सांगितलं आहे की झोपेतही म्हणत असेन.

उस्ताद झाल्यावर दिवाळीला गावी आलो. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. ज्या दिवशी ज्या गावाची मंडई, त्या दिवशी त्या गावात घरोघरी पाहुणे, दुकानं, दंडारीचा नाच, भरदिवसा खडी गंमतीचा तमाशा. त्याच गर्दीत पोरी पाहतात, सोयरिकी ठरतात. आमच्या मंडईला शेवंताला पाहायला पवनीकडचे पाहुणे आले होते. नवरा मुलगा नामदेव. अंगानं सडपातळ, हसतमुख, आणि त्या भागातला नावाजलेला कबड्डीपटू. सोबत त्याचा मामा. माय लाखोरीच्या डाळीचे वडे तळत होती, बा पाहुण्यांच्या पाया पडायचाच बाकी होता. मी ओसरीवर चेंडू मांडीवर घेऊन बसलो होतो. कशाला घेऊन बसलो होतो? मिरवायला, दुसरं काय!

मामानं विचारलं, "हे काय होय गा?" मी नियम सांगितले. मामा खो खो हसला. "मांगं फेकून कोनी जिकते का? हा तं हारनाऱ्यायचा खेळ झाला!" ओसरीवरचे सगळे हसले. आमचा बासुद्धा. मग मामा म्हणाला, "आमच्या नामदेवले धरनारा अजून पैदा नाही झाला."

नामदेव बिचारा म्हणाला, "राहू द्या ना, मामा." पण मला कुठलं राहवतं. आठ-दहा वर्षं मी ज्यापायी दात पाडून घेतले, तो हारणाऱ्यांचा खेळ? म्हटलं, चला बांधीत.

हलका धान कापून झालेल्या बांधीत निम्मी मंडई गोळा झाली. बा मागून म्हणत होता, "काहून असा करून राहिला बे? पाहुना होय तो." नामदेवनं चेंडू काखेत घेतला, पळत आला आणि मला अशी हूल दिली की मी हवेला मिठी मारून तोंडावर पडलो. राजेहो, काय शिट्ट्या वाजल्या! मामा तर नाचायलाच लागला. नामदेवनं मला हात देऊन उठवलं. "लागलं तं नाही ना, दादा?" एवढं बोलला तो. तिथंच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, अजून एकदा.

दुसऱ्यांदा मी त्याला सोडलं नाही. म्हणजे धडक देताना सोडलं नाही. कमरेत खांदा बसला, त्याचे पाय उचलले गेले, आणि मग मी हात सोडून दिले. लोकांना तो उडताना दिसावा म्हणून. तो उडून बांधीच्या कडेच्या टणक धुऱ्यावर पडला, उजव्या खांद्यावर. काटकी मोडावी तसा आवाज आला. शिट्ट्या बंद झाल्या. नामदेव खांदा धरून उठून बसला आणि सगळ्यांना सांगत सुटला, "काही नाही, काही नाही झालं." त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"पोरगी पाहाले बोलावलं का हाडं मोडाले?" मामानं बैलबंडी जुंपली. पाहुणे न जेवता गेले. परातभर वडे तसेच राहिले. दवाखाना नदीपलीकडे भंडाऱ्यात होता, पण मामानं रागारागात पोराला गावाकडच्या हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. हाड जुळलं, वाकडं. हात खांद्याच्या वर जाईना. हे कळलं तेव्हा मी मनात काय म्हटलं असेल? म्हटलं, चूक मामाची. लाज वाटते सांगायला, पण काही महिने मी त्यावर निवांत झोपलो.

इकडे आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. माझी कथा मंडईबरोबर फिरली. कुठल्याशा खडी गंमतीत सोंगाड्यानं काखेत कोहळा घेऊन नवरदेवाला लोळवल्याची नक्कल केली म्हणे, आणि लोक पोट धरून हसले. बा त्या वर्षी कुठल्याच मंडईला गेला नाही. शेवंताला पाहायला येणारे येईनासे झाले. ज्या घरचा भाऊ पाहुण्याचं हाड मोडते, त्या घरात पोरगा कोण देईन?

होळीपर्यंत बा थकला. तेव्हा शेवंता स्वतःच बोलली, हे मायनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "त्याचा हात आपल्या घरानं मोडला. तं हात आपल्याच घरानं द्या लागते. मी त्याच घरी जातो." बा पवनीकडे गेला, मामाचे पाय धरले. नामदेव लगेच हो म्हणाला. लग्नाला मी नव्हतो. कलकत्त्यात सामने होते असं मी कळवलं. सामने होतेच, पण सुट्टीही मिळत होती.

फौज सोडल्यावर मी कलकत्त्यातच एका क्लबात शिकवायला लागलो. तिथली पोरं मला सर म्हणतात, कोणी दादा म्हणतं, सामना जिंकला की मिष्टी आणतात. तिथं माझ्या वाकड्या नाकाला मान आहे. आपल्या भागात उतरलो की बसच्या कंडक्टरनंही ओळखू नये असं वाटतं. त्या दिवसाबद्दल कोणी मला दोष देत नाही. बा नाही, माय नाही, नामदेव तर नाहीच. एखाद्यानं मुस्काटात मारली असती तर सुटलो असतो.

परवाच्या वर्षी धान कापणीत शेवंताकडे गेलो. बंडीवर भारे रचायचे होते. वरपर्यंत भारा नामदेवला देता येत नाही. तो खाली बांधून द्यायचा, शेवंता डोक्यावर उचलून बंडीवर फेकायची. दंड पुरुषासारखे झालेत तिचे. नामदेव पाणी आणायला विहिरीवर गेला तेव्हा मी धीर करून विचारलं, "शेवंते, तुले खरंच लगन कराचं होतं का वं त्याच्याशी?"

तिनं भारा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि हसली, पण ते हसू मला सोसलं नाही.

"आता सुचलं का गा भाऊ विचाराले?"

"सांग ना."

"तो पाहाले आला तवा बानं नाही विचारलं. तू आला होतास कलकत्त्याहून, तू बी नाही विचारलं. तू तं खेळाले उठलास." तिनं भारा पुन्हा उचलला. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे, होते माझ्यानं."

त्यानंतर मी तिला पुन्हा विचारलं नाही. तिला त्या घरी सुख आहे की नाही, मला ठाऊक नाही. कोणी घराबद्दल विचारलं तर मला आता कारध्याकडचं आमचं घर आठवत नाही, तिचं दार आठवतं. गावी आलो की पहिला मुक्काम तिथंच. नामदेव पाण्याचा गडवा घेऊन दारात येतो, डाव्या हातानं, आणि मी खाली मान घालून पाय धुतो.