मान्यवर राहू देत
परवा कपाटातून काढलेल्या छत्रीला कुबट वास आला आणि रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या हॉलमधला माइक आठवला. त्याच्या स्पंजला तोच वास असे. एम.ए.च्या मुलांना सेमिनारसाठी सभाधीट करण्याचं काम माझ्याकडे होतं. लांज्याकडच्या खेड्यातला एक विद्यार्थी आदल्या वर्षी सेमिनारातच नापास झाला होता. यंदाही जमलं नाही तर शिक्षण सोडून मुंबईला चुलत्याकडे कामाला जायचं ठरलं होतं. तो उभा राहिला आणि "व्यासपीठावरील मान्यवर" इथेच अडकला. व्यासपीठावर माझ्याखेरीज फक्त एक मोडकी खुर्ची होती. मी म्हटलं, "मान्यवर राहू देत. तुमच्या गावात देवाला गाऱ्हाणं कोण घालतं?" "बाबा. ते आजारी असले तर मी, सर." "मग घाल." त्याने चपला काढून हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरां हितं जमली हायत. त्यांची परीक्षा पार पाड, म्हाराजा." गाऱ्हाण्याला द्यायचा होकार मागच्या बाकांवरून सवयीनेच आला, "व्हय म्हाराजा." सगळे हसले, तोही हसला, आणि त्याच सुरात आपल्या विषयावर दहा मिनिटं बोलला. मी विचारलं, "भीती कुठे गेली?" "गाऱ्हाण्यात सगळ्यांसाठी मागायचं असतं, सर. मघाशी मी कसा दिसतोय तेवढंच बघत होतो." त्या वर्षी तो पास झाला. माझ्या कार्यशाळेच्या टिपणांत श्वास कधी घ्यावा, नजर कुठे ठेवावी, सगळं आहे. सगळ्यांसाठी मागायचं असतं, हे त्याचं वाक्य मात्र मी अजून घातलेलं नाही, कारण ते घातलं तर माझ्या सत्काराला उत्तर म्हणून चाळीस मिनिटं स्वतःबद्दल बोलणं मला अवघड जाईल.