मला फिट येते

शुद्धीवर आले तेव्हा नाकावर चप्पल होती.

चामड्याची. घामानं काळी पडलेली. कुणीतरी ती माझ्या नाकपुड्यांवर दाबून धरली होती. आधी वास कळला. मग उजेड. मग पाय दिसले. पायच पाय. पोरांचे, मास्तरांचे. आणि त्यात एक अनवाणी पाय. त्या पायातली चप्पल माझ्या तोंडावर होती.

तो पाय आमच्या शिक्षण संस्थेच्या सचिवांचा होता.

"आली, आली शुद्धीवर," मुख्याध्यापक म्हणाले. चप्पल त्यांच्याच हातात होती. "बघा साहेब, तुमच्या चपलेचा गुण."

कुणीतरी हसलं. साहेबही हसले.

सकाळचा परिपाठ चालू होता. अहमदपूरकडची आमची शाळा. सगळी पोरं मैदानावर रांगेत. त्यांत माझी नववीची पोरं. त्यांना मी विज्ञान शिकवायचे. मेंदू आणि चेतासंस्थेचा धडा नुकताच झाला होता.

उठून बसले आणि कळलं, साडी ओली झालीय. मी पदर ओढून झाकायला लागले. पदर नीट धरता येईना. एकही मॅडम पुढं आली नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशी धावत आल्या. त्यांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या कमरेभोवती गुंडाळला.

साहेबांनी चप्पल पायात सरकवली. माझ्याकडं वाकून म्हणाले, "असला रोग हाय तुला, सांगितलं न्हाई आधी? कुणाला फसवायलीस?"

बाकीच्या मॅडमांना ते 'तुम्ही' म्हणायचे. मला 'तू'. मी मुखेडकडच्या एका वस्तीतली. बाप नाही. माय दुसऱ्याच्या रानात मजुरी करते. वस्तीतली पहिली बी.एड. मीच. हे सगळं साहेबांना ठाऊक होतं आणि त्या एका 'तू'मध्ये ते बसवायचे.

आणि फसवलं मी? मुख्याध्यापकांना मी सांगितलं होतं. त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून सांगितलं होतं.

मला कॉलेजपासून फिट येते. गोळ्या वेळेवर घेतल्या तर येत नाही. महिन्याला लातूरला डॉक्टरांकडं जावं लागतं, ते रविवारी बसत नाहीत. त्यांनी लिहून दिल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत. गोळ्या संपत आल्या म्हणून मी रजा मागायला गेले.

"सर, शनिवारी रजा पाहिजे. दवाखान्यात जायचंय."

"शनिवारी साहेबांच्या नातवाचं जावळ हाय. सगळ्या स्टाफनं यायचंय. तुमच्याकडं वाढपाचं काम दिलंय."

"सर, गोळी चुकली तर मला फिट येते."

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाले, "लग्न करून टाका. लग्न झालं की जातं ते."

शनिवारी साहेबांच्या वाड्यासमोरच्या मांडवात पंगतीमागं पंगत उठली आणि मी वाकून वाकून बुंदी वाढली. दुसऱ्याच दिवशी गोळ्या संपल्या. पुढच्या आठवड्यात मी मैदानावर पडले.

आजारपण माझं. पण मी पडावं ही सोय त्यांनी केली होती.

लातूरला जाऊन गोळ्या घेऊन परत आले तर माझे तास काढून घेतलेले. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतलेली. स्टाफरूममध्ये एका कोपऱ्यात खुर्ची. "आराम करा मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. चहाचा माझा कप वेगळा झाला. फिट कुणाला लागत नाही हे विज्ञानाच्या दुसऱ्या सरांना चांगलं माहीत होतं. कप त्यांनीच वेगळा केला.

नोकरी अनुदानित. सरळ काढता येत नव्हतं. म्हणून मीच होऊन सोडावी, असा डाव. साहेबांनी बोलावून घेतलं आणि लई मायेनं बोलले. "घरी बस. तब्येत बघ. राजीनामा लिहून दे, तुझ्याच भल्याचं हाय." त्यांचा एक भाचा बी.एड. होऊन बसलाय, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं.

मी मुखेडची एस.टी. धरली. मायपाशी गेले.

माय चुलीपुढं बसली होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मान खाली घालून ऱ्हा बाई. पाय धर त्यांचे. आपल्यासारख्याला कोण देतंय नौकरी?"

मी विचारलं, "माय, तू कधी आजारी पडली न्हाईस का?"

"पडले की. तू पोटात होतीस तवा लई ताप भरला. तसंच निंदायला गेले. न्हाई गेलं तर मुकादम दुसरी बाई बघायचा."

"मग?"

"मग काय? तापातच निंदलं. एक खाडा न्हाई माझा."

हे सांगताना मायची मान ताठ झाली. तिला अभिमान होता. एक खाडा न्हाई. आणि मी बघत राहिले तिच्याकडं. ताप तिचा. पोटात पोर तिचं. आणि अभिमान कशाचा, तर मालकाला तिच्या तापाचा त्रास झाला नाही याचा.

मला मायचा राग नाही आला. भीती वाटली. कारण मी तेच करत होते. गोळी घ्यायला बाथरूममध्ये जात होते. डोकं गरगरलं तरी फळ्याला टेकून शिकवत होते. आजारी असणं हा गुन्हा आणि तो आपण केलाय, हे मी पूर्ण कबूल करून टाकलं होतं. चप्पल नंतर आली. नाक मी आधीच पुढं केलं होतं.

सकाळी उठले, भाकरी खाल्ली, मायपुढं गोळी घेतली आणि अहमदपूरला आले.

परिपाठात रोज एक शिक्षक पोरांना पाच मिनिटं काहीतरी सांगतो. माझे तास काढले, पण ही पाळी काढायची राहून गेली. गुरुवारी माझं नाव पुकारलं. मुख्याध्यापकांनी चमकून बघितलं. तोवर मी माईक हातात घेतला होता.

"मला फिट येते," मी म्हणाले. "तुम्ही बघितलंय. हा मेंदूचा आजार आहे. बाधा नाही, करणी नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कुणी असं पडलं तर त्याला एका कुशीवर वळवा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. तोंडात काही घालू नका. चप्पल हुंगवू नका. चपलेनं काही होत नाही. फिट आपोआप थांबते. माझीही आपोआपच थांबली होती. लवकर थांबली नाही तर दवाखान्यात न्या."

मुख्याध्यापक शिपायाला माईक बंद करायच्या खुणा करत होते. शिपाई दुसरीकडं बघत उभा राहिला.

सहावीच्या रांगेतून एका पोरीनं विचारलं, "मॅडम, लई दुखतं का?"

"पडताना काहीच कळत नाही," मी म्हणाले. "नंतर अंग दुखतं. आणि लोक हसतात, ते दुखतं."

दुपारी साहेब आले. केबिनमध्ये बोलावलं.

"माईकवर माझी इज्जत काढलीस तू?"

"इज्जत माझी निघाली होती, साहेब. सगळ्या शाळेपुढं. आणि मला तुम्ही म्हणा."

"काय?"

"बाकीच्या मॅडमांना म्हणता तसं. तुम्ही."

ते लाल झाले. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले. "राजीनामा देणार हैस का न्हाई तू?"

मी गप्प राहिले.

"ए, मी तुला विचारायलोय."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. इथंच पडले तर, असंही मनात आलं. पडले तर पडले.

शेवटी दात आवळून ते म्हणाले, "राजीनामा देणार का... तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले आणि बाहेर आले.

त्यांनी माझी बदली केली. संस्थेची एक शाळा उदगीरच्याही पुढं आहे, कर्नाटकाच्या सीमेला लागून. दोन एस.टी. बदलून जावं लागतं. अर्धी पोरं घरी कन्नड बोलतात. ही शिक्षा होती. ती भोगते आहे, नाही कशाला म्हणू. थकते. लातूर आता आणखी लांब पडतं.

पहिल्या दिवशी तिथल्या मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले. त्यांनी बसायला सांगायच्या आधीच बोलले. "सर, मला फिट येते. महिन्यातून एक दिवस मी लातूरला जाते. त्या दिवशी जावळ असो, लग्न असो, तपासणी असो, मी जाणार. पोरांचा बुडालेला धडा दुसऱ्या दिवशी भरून काढीन."

ते म्हणाले, "बघू, मॅडम."

"बघायचं काही नाही सर. सांगून ठेवलं."

आजही तो दिवस आला की कुणी ना कुणी तोंड वाकडं करतं. 'हिचं दरवेळचंच हाय' असं मागून ऐकू येतं. ऐकते आणि एस.टी.त बसते. हा आजार जन्मभर जाणार नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय.

मीही जाणार नाही.