लेकीनं केलेला प्रोग्राम

कळंब्याच्या रस्त्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या आधी एक गृहस्थ बसले होते. साठीचे, मिशा पिकलेल्या. आपला कॉम्प्युटर त्यांनी चादरीत गुंडाळून आणला होता. आता ती चादर मांडीवर घेऊन ते तिच्या घड्या घालत होते आणि पुन्हा मोडत होते. त्यांच्या छोट्या वाचनालयाचा प्रोग्राम उघडत नव्हता.

दुकानातल्या बाई म्हणाल्या, "काका, पुस्तकांच्या नोंदी शाबूत हायत. प्रोग्रामच्या फायली तेवढ्या खराब झाल्यात. त्यो परत टाकाय लागंल. कुणी करून दिलाय?"

"लेकीनं."

"मग तिच्याकडं असंलच की. मागवून घ्या."

ते पुन्हा चादरीची घडी घालू लागले. मग माझ्याकडं वळून सहज सांगावं तसं म्हणाले, "पावणं, लगीन तिनं आपल्या मनानं केलं. तवापास्नं आमचं बोलणं न्हाय."

ते उठले आणि मोबाइल काढत दाराबाहेर गेले. नंबर त्यांना पाठ होता.

"बाळ, तुझा प्रोग्राम बिघडलाय," एवढंच ते म्हणाले. नंतर बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" करत ऐकत राहिले.

आत आल्यावर बाईंनी विचारलं, "पाठवती म्हणाली का?"

"न्हाय," ते कॉम्प्युटर पुन्हा चादरीत गुंडाळत म्हणाले, "ऐतवारी घरी येऊन टाकती म्हणाली."