चाळीस जणांना एकच ताप

गडचिरोलीच्या तहसील कचेरीच्या आवारात मी चौदा वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. बी.ए. झालो होतो, वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास झालो होतो, आणि तिसऱ्यांदा बसायची हिंमत नव्हती. चिंचेखाली सतरंजी, पुढे पत्र्याची पेटी, दौत आणि टाक, एवढाच माझा संसार. घरी धानाची थोडी शेती होती. ती बायको आणि तिचा भाऊ बघत. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली तेव्हा तर अर्जांना ऊत आला. तळं कोणाचं, त्यातले मासे कोणी धरायचे, जंगलातून लाकूड आणायचं की नाही, सगळं कागदावर मागावं लागे. लोक मला 'मुनशीभाऊ' म्हणत.

मग चिंचेच्या दुसऱ्या बाजूला एक जवान माणूस टाइपरायटर घेऊन बसला. वर्षभरात माझी सतरंजी रिकामी पडू लागली. माझ्या साळ्यानंसुद्धा आपला अर्ज त्याच्याकडूनच करून घेतला. मी विचारलं तर म्हणाला, "राग नका मानू, भाऊजी. मशीनचा कागद सायेब पयले वाचते."

त्याच सुमाराला गावात हायस्कूल निघालं. एक दिवस तिथले हेडमास्तर माझ्याकडे आले. वर्ध्याकडचे, सरळ माणूस. शिक्षण खात्याला अर्ज करायचा होता: मराठी आणि इतिहास शिकवायला पदवीधर शिक्षक मिळावा. मी नेहमीच्या थाटात लिहून दिलं. 'या अरण्यमय प्रदेशात पदवीधर मनुष्य मिळणे दुरापास्त असल्याने' वगैरे. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि सहज विचारलं, "मुनशीजी, तुमचं शिक्षण किती?"

"बी.ए.," मी म्हणालो.

त्यांनी घडी उलगडली, 'दुरापास्त' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग हे खोटं मी कशाला पाठवू?"

असा मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मास्तर व्हायला निघालो. अट एकच होती. आधी नागपूरला जाऊन वर्षभराचं बी.टी.चं, म्हणजे शिक्षकीचं, शिक्षण घ्यायचं. बायकोला सांगितलं तेव्हा ती धान पाखडत होती. सूप खाली ठेवून ती हसायलाच लागली. "पोरीचं लगन झालं, आता बाप शाळेत जाऊन राह्यला! पाटी-पेन्सिल घ्याची हाय का?" पण निघायच्या दिवशी तिनं जवसाची चटणी डबाभर बांधून दिली आणि म्हणाली, "नापास होऊन येऊ नका. या बारीनं मी हसणार नाई."

कॉलेजात सगळे बाविशी-तेविशीचे. पहिल्याच दिवशी माझं नाव 'काकाजी' पडलं. सकाळी मैदानावर कवायत असे, आणि कवायतीला खाकी हाफपँट सक्तीची. जन्मभर धोतर नेसलेला मी, शिंप्याकडून ती गुडघ्याखाली येईल एवढी लांब शिवून घेतली. शिक्षकानं शिट्टी थांबवून विचारलं, "काकाजी, ही हाफ आहे की फुल?" अख्खी रांग हसली. मीही हसलो. सुट्टीत घरी आलो तेव्हा बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून ती पँट ट्रंकेत तळाशी ठेवून वर कुलूप घातलं.

शिकवायची पद्धत शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान होत्या. बोलणं कमी, नजर तीक्ष्ण. पाठाचं टाचण आधी लिहून त्यांना दाखवावं लागे. माझं पहिलं टाचण वाचून त्या म्हणाल्या, "'सबब विनंती की विद्यार्थ्यांनी क्रियापद ओळखावे.' काका, तुम्ही मुलांना शिकवताय की त्यांच्याकडे दाद मागताय?"

हिवाळ्यात आम्हा काही जणांना सरावासाठी महिनाभर वरोऱ्याच्या शाळेत पाठवलं. कापसाचा हंगाम होता. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या झाडांना अडकलेला असे. मला आठवी मिळाली, आणि पाठ मिळाला 'रजेचा अर्ज'. माझा आनंद पोटात मावेना. साऱ्या कॉलेजात अर्जाचा माझ्याइतका जाणकार कोण होता?

मी फळ्यावर असा अर्ज लिहिला, की कमिशनरलाही पाझर फुटावा. 'काल रात्रीपासून ज्वराने अंग फणफणले असल्याने मी आपल्या चरणी उपस्थित होण्यास असमर्थ आहे.' मग मुलांना म्हणालो, आता आपापला अर्ज लिहा. वर्ग कसा शांत! टाक कुरकुरत होते. आमचे पाठ तपासायला आलेल्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. तास संपल्यावर त्यांनी वह्या गोळा केल्या आणि एकेक उघडून बघत गेल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "चाळीस मुलांना काल रात्रीपासून ज्वर आहे. शाळा बंद करायला हवी."

मी वह्या पाहिल्या. चाळीसही अर्ज अक्षर न् अक्षर सारखे. एका पोरानं तर माझी सहीसुद्धा उतरवली होती.

"उद्या हाच पाठ पुन्हा घ्या," बाई म्हणाल्या, "आणि फळ्याला हात लावू नका."

संध्याकाळभर मी शाळेच्या ओट्यावर बसून राहिलो. राग बाईंचा आला होता, पण तो टिकेना. चिंचेखाली एकदा आलेली म्हातारी आठवत होती. गावतळ्यात मासे धरून पोट भरणारी. तिनं तासभर आपली कहाणी सांगितली, मी ती माझ्या भाषेत उतरवली आणि वाचून दाखवली. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "बेस हाय, भाऊ. पन हे कोनाचं व्हय?" तेव्हा मी हसून तिचा अंगठा घेतला होता. वरोऱ्याच्या त्या ओट्यावर मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खडू टेबलावर ठेवला आणि वर्गाला विचारलं, "या महिन्यात कोण कोण गैरहजर होतं? आणि खरंच काऊन नव्हतं?"

पोरांनी हात बाकाखाली लपवले. मास्तर खरं कारण विचारतो म्हणजे मार नक्की, असं त्यांना वाटलं असावं. माझ्या जिभेवर दहा कारणं तयार होती. मी दात आवळून उभा राहिलो. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उठली. ती दोन दिवस आली नव्हती.

"आमच्या बकरीनं पिल्ले देल्ले जी," ती खाली बघत म्हणाली.

वर्ग खदखदला. मी हात वर केला. "किती?"

"तीन. दोन बेस होते. एक दूधच पिऊन नव्हतं राह्यलं. माय कापसाच्या जिनात कामाले जाते, मंग घरी कोन? मी कापसाची वात केली, दुधात भिजोली अन् त्याच्या तोंडात धरली. दोन दिवस तेच केलं."

"मग? दूध पिलं?"

"हो जी! आता लाता मारते."

"हेच लिही," मी म्हणालो. "जसं आता सांगितलं, तसंच."

त्यानंतर हातच हात वर आले. कोणाच्या भावाची वरात होती, कोणाचा सदरा एकच होता आणि तो वाळला नव्हता. सगळ्यात मागे बसणाऱ्या पोरानं लिहिलं, 'मले त्या दिवशी शाळेत यावंच नाई वाटलं. माफी असावी.' बाईंनी तो अर्ज दोनदा वाचला आणि पदर तोंडाला लावला.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता व्याकरण शिकवा. आता त्यांना ते लागेल." एवढंच. पण त्या दिवशी मी रेल्वे फाटकापर्यंत उगाच चालत गेलो आणि परत आलो.

परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला. गडचिरोलीच्या शाळेत मी रुजू झालो आणि पुढे सतरा वर्षं तिथेच शिकवलं. हेडमास्तर अधूनमधून माझ्या वर्गातला एखादा रजेचा अर्ज हातात घेऊन यायचे. "मास्तर, हे वाचा. म्हैस तळ्यात बसली आहे आणि ती उठेपर्यंत विद्यार्थी येऊ शकत नाही. मी काय शेरा मारू?" मी म्हणे, "म्हशीची रजा मंजूर करा."

शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या मुलीला मुलगा झाल्याचं कळलं. ती आरमोरीला सासरी होती. मुलीला पत्र मीच लिहायचं, बायकोनं शेजारी बसून सांगायचं, अशी आमच्याकडची रीत. मी कार्ड घेऊन बसलो, 'चिरंजीव सौभाग्यवती' लिहिलं आणि विचारलं, "बोल, काय लिहू?"

ती चौथीपर्यंत शिकलेली होती, पण लग्नानंतर टाक कधी हातात घेतला नव्हता.

"द्या इकडं," ती म्हणाली. "शाळेतल्या पोराईले सांगता ना, आपलं आपन लिवा म्हनून? मंग मले काऊन नाई?"

तिला दुपार लागली. मधे दोनदा चूल विझली. काय लिहिलं ते तिनं मला दाखवलं नाही, हात आडवा धरून बसली होती. मला फक्त पत्त्याची बाजू बघू दिली. पत्ता बरोबर होता. मी कार्ड घेतलं आणि पेटीत टाकायला पोस्टाकडे निघालो.