टर्बोचं तेल कुठे अडलं

आमची जीप जुनी, डिझेलची. गडबहून रोह्याच्या कंपनीत शिफ्टची माणसं पोचवायचं काम मी करायचो. गाडी भरली की सुकेळी खिंडीचा चढ तिला झेपायचा नाही. माझ्या शाळेपासूनच्या मित्राचं पेणला गॅरेज होतं. त्याने बाहेरून आणलेला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, इंजिनाला जोडून दिला आणि गाडी चढाला एकदम हलकी झाली. मी खूश होतो. माझा थोरला भाऊ मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "नवा दिसतोय, पण नवा हाय का, ते कोणी बघितलंय?"

पावसाळा सरला आणि टर्बो शिट्टी मारायला लागला. मग एका सकाळी खांबजवळ मागून निळा धूर निघाला. मागच्या सीटवरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. माणसं कंपनीत सोडली आणि मी पेणला जायचं सोडून रोह्यातल्याच एका मेकॅनिककडे गाडी नेली. मित्राला न सांगता. भावाचं बोलणं डोक्यात बसलं होतं.

त्या मेकॅनिकने हवेचा पाइप काढला, बोटाने टर्बोचा दांडा हलवला. दांडा खुळखुळला.

"जुना माल हाय," तो म्हणाला. "पॉलिश करून गळ्यात मारलाय तुमच्या. माझ्याकडे नवा हाय, बसवायचा?"

विचार करतो म्हणालो. माझ्याशी बोलत असताना तो टर्बोपेक्षा माझ्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होता. त्याचाही मला भरवसा वाटेना. रिकामी गाडी सावकाश चालवत घरी आणली.

दुसऱ्या दिवशी भाऊ सुट्टी टाकून माझ्यासोबत पेणला आला. तो त्याच कंपनीत फिटर. गॅरेजात शिरताच त्याने मित्राला सुनावलं, "जुना टर्बो घातलास ना आमच्या गाडीत?"

मित्र गाडीजवळ आला. बॉनेट उघडून आत वाकला आणि म्हणाला, "हवेच्या पाइपाची ही क्लिप मी अशी लावत नाय. स्क्रू खालच्या बाजूला ठेवतो मी. कोणाकडे गेला होतास?"

"रोह्याला," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्यानंतर तो भावाशीच बोलू लागला. "दादा, टर्बो तेलावर फिरतो. इंजिनाकडून ह्या बारीक नळीतनं तेल येतं. तेल नाय आलं तर नवा काय नि जुना काय, खुळखुळाच होणार."

"तेल भरलेलं हाय," भाऊ म्हणाला. "तेल मोजायच्या दांडीवर बघ."

"इंजिनात हाय. टर्बोपर्यंत येतंय का, ते बघू."

त्याने नळीचं टर्बोकडचं टोक सोडवून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "तूच धर. मी धरली तर म्हणशील काहीतरी केलं."

इंजिन सुरू होऊ नये म्हणून त्याने डिझेल बंद केलं आणि नुसता स्टार्टर मारला. बाटलीत धार पडायला हवी होती. एक थेंब आला, मग थांबून दुसरा. आता त्याने नळी इंजिनाकडूनही सोडवली, खाली डबा ठेवला आणि पुन्हा स्टार्टर मारला. इंजिनातून तेल उसळून डब्यात पडलं. म्हणजे इंजिन तेल देत होतं आणि अडथळा मधेच कुठेतरी होता.

नळी ज्या पोकळ बोल्टने इंजिनाला बसते, तो त्याने उजेडात धरला. बोल्टच्या बारीक भोकात लाल गम, गळती थांबवायला सांध्यावर लावतात तो, सुकून रबरासारखा बसला होता.

"मी तांब्याची वायसर लावतो," तो म्हणाला. "गम मी इथे लावत नाय."

पटकन माझ्या मनात आलं, आता हा स्वतःचं पाप झाकतोय. मग रोह्याचा मेकॅनिक आठवला, पण धूर तर त्याच्याकडे जायच्या आधीचा. मी भावाकडे बघितलं. तो बोल्ट हातात घेऊन फिरवत होता.

"गळत होतं तिथे," तो हळू म्हणाला. "थोडंसंच. कंपनीत पाइपांच्या सांध्याला, फ्लँजला, आम्ही हेच लावतो. पावसाळ्यात एका रविवारी घरी लावलं."

"मला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं, वाटलं."

मित्राने बोल्ट त्याच्या हातातून घेतला. त्याने टर्बोचा आतला भाग नवा टाकला, नळी धुऊन घेतली, नवी वायसर घातली. टर्बोत हाताने तेल सोडून मगच इंजिन सुरू केलं. शिट्टी गेली, धूर गेला. भावाने जाताना मित्रासाठी चहा सांगितला. भावाकडून माफी ती एवढीच.

गाडी पुढे पुष्कळ चालली, आणि काम मी मित्राकडूनच करून घेतलं. पण त्या दिवसापासून बॉनेट बंद करण्याआधी तो मला जवळ बोलवायचा, हातातल्या बॅटरीचा उजेड पाडून एकेक बोल्ट दाखवायचा आणि म्हणायचा, "बघून घे." बघायची गरज नाय, असं मला दर वेळी म्हणायचं असायचं. मी वाकून बघायचो.