मोकळी ठेवलेली पट्टी

उन्हाळी धान निघालं की आमच्या गावात खळं कोणी सारवत नाही. गावाबाहेर, साकोलीच्या वाटेवर, विमानाची जुनी धावपट्टी आहे. मोठ्या लढाईच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. पुढे सरकारने राखीव म्हणून ठेवली. एरवी रिकामी, युद्धात गरज पडली तर विमान उतरवायला. विमान काही उतरलं नाही. सिमेंट मात्र चांगलं तापतं आणि त्यावर धान दोन दिवसांत वाळतं.

वडील तिथले चौकीदार होते. गुरं हाकलायची, भेगांतलं गवत उपटायचं आणि रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे वेचत जायचं, एवढंच काम. खिसे भरून खडे घरी आणायचे. आई चिडून म्हणायची, "लोकायचे मानसं घरी येताना भजे आनतेत, आमचे गोटे आनतेत." नोकरी सुटली, पण खडे वेचणं सुटलं नाही.

एका वर्षी मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसभर विमानं. वडिलांना घरात चैन पडेना. जेवता जेवता उठायचे, अंगणात जाऊन वर बघायचे, परत येऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी गावभर सांगितलं, "पट्टीवरचं धान उचला." गाव हसलं. आमचं धान अजून ओलं होतं, अजून एक-दोन उन्हं हवी होती. मी वैतागून म्हणालो, "थांबा बाबा, साकोलीले जाऊन विचारून येतो."

तिथल्या तहसील कचेरीतल्या बाबूने कपाट धुंडाळून एक फाईल काढली. "अजी, ते पट्टी तं कवाचीच राखीव यादीतून निघाली. वाळवा धान बिनधास्त."

मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. ज्या पट्टीसाठी या माणसाने उभा जन्म घालवला, ती कोणाला नकोच आहे हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? बसमध्ये बसून तीन-चार खोटी उत्तरं जुळवली.

पट्टीवर पोचलो तर वडिलांनी एकट्याने आमचं धान ओढून कडेला ढीग घातला होता. मी ढिगात हात घातला. आतून धान गरम झालं होतं. तसंच राहिलं तर वास धरणार, कुजणार. माझं डोकं फिरलं. बसमधली शहाणी उत्तरं बसमध्येच राहिली.

"कोनासाठी करून राहिले हे? पट्टी यादीत नाही आता!"

बोललो आणि जीभ चावली. वडील खाली वाकून खडे वेचत होते, वेचतच राहिले.

"मले माहीत हाये. नोकरी सुटली तवाच सायबानं सांगतलं."

"मंग काहून?"

"येखाद्याचं विमान बिघडलं, तं वरतून त्याले यादी दिसते का? पट्टी दिसते. मोकळी दिसली तं उतरंल बिचारा."

मी पोती आणली, धान भरलं, घरी नेऊन अंगणात, ओसरीत, देवघरापर्यंत पसरलं. मग शेजाऱ्याच्या दारात जाऊन त्याचंही उचलायला लावलं. तो शिव्या देत आला.

वडील आता नाहीत. वर विमानाचा आवाज आला की मी अजूनही हातातलं काम टाकून पट्टीकडे धावतो, कोणी धान तर पसरलं नाही ना ते बघायला.